ठिपका हलतोय तोवर

फोन तापला तर त्याला कुलरसमोर धरू नये. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय, की आता उन्हाळ्यात कोणी बिघडलेला फोन घेऊन आलं तर मी आधी त्याच्या पाठीवर हात फिरवून पाहतो. दमट लागला की समजायचं, कुलर. आमच्या अकोल्यात मे महिन्यात माणसं, मांजरं आणि फोन एकाच जागी येऊन पडतात, कुलरच्या तोंडाशी. माणसाला आणि मांजराला त्या ओल्या हवेनं बरं वाटतं. फोनच्या चार्जिंगच्या भोकात मात्र ओल धरते, आणि मग लोक म्हणतात, कंपनीच चोर आहे. अरे बाप्पा, कंपनी चोर असेलही, पण तिनं तुला फोन वाळ्याच्या पाण्यात भिजवायला सांगितलं होतं काय? तापलेल्या फोनचं कव्हर काढा, तो बंद करा, सावलीत फरशीवर ठेवा आणि अर्धा तास त्याच्याशिवाय राहा. यातली शेवटची सूचना कोणी पाळत नाही.

मी अकोल्यात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. यंत्रातलं माझं शिक्षण काही नाही, नुसता नाद आहे. बेडूक उघडायचे दिवस गेले म्हणून आता लोकांचे फोन उघडून बसतो, असं बायको म्हणते. स्टाफरूममध्ये, बिल्डिंगच्या जिन्यात, लग्नात, इतकंच काय मयतीलाही कोणीतरी मला हळूच बाजूला घेतं आणि खिशातून फोन काढतं. लय हळू चालून राहिला, जरा पाहता काय. मी पाहतो. आत गुलाबाच्या फुलांवर लिहिलेल्या शुभ सकाळी असतात, वर्षानुवर्षांच्या, आणि त्यांच्याखाली बिचारा फोन दबलेला असतो. फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा, एवढंच त्यावर औषध आहे. आणि फोन साफ करून देतो म्हणणारं ॲप टाकू नका. बहुतेकदा ती घाण त्यानंच आणलेली असते.

माझी मतं ठाम आहेत आणि मी ती न विचारता देतो. राउटरवर क्रोशाचा रुमाल टाकू नये. त्याला लाज वाटत नाही, गरम मात्र होतं. बसस्टँडवर घेतलेली केबल ही केबल नसते, ती नुसती दोरी असते. पासवर्ड म्हणून स्वतःचं जन्मवर्ष ठेवणाऱ्या माणसानं घराला कुलूप तरी कशाला लावावं? कॉलेजच्या मुलांना घेऊन मेळघाटात जातो तेव्हा परतवाडा यायच्या आत मी सगळ्यांना नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायला लावतो, कारण पुढे घाट लागला की नेटवर्क जातं. सेमाडोहला पोचेपर्यंत पोट्टे फोन हवेत वर धरून वेड्यासारखे फिरत असतात. मला थोडी मजाच येते.

पण मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवण्याच्या आपल्या पद्धतीची. आपण त्यांच्या हातातून फोन ओढून घेतो, भराभर चार बोटं फिरवतो आणि म्हणतो, बघा, किती सोपं आहे. सोपं आहे असं कधीच म्हणू नये. सोपं असूनही जमलं नाही, म्हणजे आपण मूर्ख ठरलो, असं त्यांना वाटतं आणि ते पुन्हा विचारत नाहीत. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. अक्षरं मोठी करावीत. आणि एकदा जे चित्र जिथं ठेवलं ते तिथून हलवू नये. माणूस एका वयानंतर जागा लक्षात ठेवतो, नावं नाही.

हे मी बाबांना शिकवताना शिकलो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्य कालव्यांच्या कडेनं चालण्यात गेलं, त्यामुळं निवृत्तीनंतरही चालल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. अमरावतीला इर्विन चौकापासून पायी अंतरावर, एका जुन्या कर्मचारी वसाहतीत आमचं घर. संध्याकाळी पाच वाजले की बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून निघायचे. चौकात पुतळ्यापुढं चपला काढून क्षणभर उभे राहायचे. मग चहाच्या टपरीवर त्यांची माणसं असायची. एक धामणगाव रेल्वेचे, दुसरे पातूरचे, दोघंही त्यांच्यासारखेच पेन्शनवाले. त्यांना बाबा गावाच्याच नावानं हाक मारत, धामणगाववाले, पातूरवाले, आणि आम्हीही तसंच म्हणायचो. तासभर जगाचा निकाल लावून झाला की विहाराच्या बाजूच्या गल्लीनं घरी.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते परत आलेच नाहीत. बऱ्याच वेळानं एका ऑटोवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. बडनेरा रोडला उभे होते म्हणाला, कुठं जायचं विचारलं तर नहराकडं, कालव्याकडं म्हणून सांगत होते. नशिबानं खिशात पेन्शनचं ओळखपत्र होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विसरण्याचा आजार सुरू झाल्याचं शांतपणे सांगितलं. हळूहळू वाढेल, म्हणाले. रोजची सवय जितकी टिकवता येईल तितकी टिकवा.

माझी धाकटी बहीण पुण्यात असते. तिच्या सासरी आमचं बोलणं ऐकलं की लोकांना भांडण चाललंय असं वाटतं, आणि त्या रात्री आमचं खरोखरच भांडण झालं. व्हिडिओ कॉल होता. आईनं नेहमीप्रमाणं फोन असा धरला होता की आम्हाला नुसता छताचा पंखा दिसत होता. बहिणीचं म्हणणं, आता दोघांनी अमरावतीत एकटं राहणं बस झालं. घर बंद करायचं आणि अकोल्याला दादाकडं जायचं. तिचं चूक नव्हतं. माझीही ना नव्हती, फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी होती. फक्त फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि बाबांना तिथं चारच भिंती ओळखीच्या. पंख्याच्या मागून आईचा आवाज आला की ती कुठंही जाणार नाही. मग बहीण रडली. मग मी, घरातला तंत्रज्ञ, पुढं झालो आणि तोडगा काढला.

तोडगा असा. बाबांच्या फोनमध्ये ठिकाण कळवण्याची सोय चालू करायची. ते कुठं आहेत हे मला आणि बहिणीला नकाशावर दिसत राहील. जोवर ते रोज स्वतःच्या पायांनी चौकात जातात आणि परत येतात, तोवर दोघांनी अमरावतीत राहावं. ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवशी सामान बांधायचं, मग कोणी काही बोलायचं नाही. बहीण कबूल झाली. पुढच्या रविवारी अमरावतीला जाऊन मी सगळं लावून दिलं आणि आईला माझ्या फोनवर दाखवलं. हा बघ निळा ठिपका, हे आपलं घर, हे बाबा. आईनं चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, म्हणजे हा फोन फिरला की तुले तिकडं दिसते? मी म्हणालो, हो. तिनं चष्मा खाली घेतला.

ज्यांना घरातल्या कोणासाठी हे करायचं असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. नुसती सोय चालू करून भागत नाही. फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चाललेली कामं मारून टाकतो, तेव्हा बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या एका कामाला हात लावू नको असं त्याला बजावावं लागतं. चार्जिंगची वेळ ठरवून टाकावी, बाबांची दुपारच्या जेवणानंतरची होती. फोन सदऱ्याच्या खिशात, खिशाला बटण. आणि रिंग अशी लावावी की भर बाजारात ऐकू येईल. बाबांना मी जुन्या काळ्या टेलिफोनसारखी ट्रिंग ट्रिंग लावून दिली होती, कारण त्यांच्या ऑफिसात तसा फोन होता आणि तो वाजला की ते अजूनही चटकन उठतात.

त्यानंतर महिनोन्महिने माझ्या संध्याकाळी ठिपक्याबरोबर गेल्या. प्रॅक्टिकलच्या जर्नल तपासता तपासता मी फोन बाजूला उघडा ठेवायचो. ठिपका घरातून निघायचा, चौकात थांबायचा, टपरीपाशी रेंगाळायचा, गल्लीनं परत यायचा. तिकडं पुण्यात बहीणही तेच पाहत असायची आणि ठिपका घरी पोचला की अंगठा पाठवायची. आम्ही दोघं भाऊबहीण इतक्या वेळा आधी कधी बोलत नव्हतो, आणि आता बोलायचो ते अंगठ्यानं.

मी नुसत्या ठिपक्यावर विसंबणारा माणूस नाही. पडताळणी दोन ठिकाणांहून करावी, हे माझं जुनं मत आहे. म्हणून ठिपका घरी पोचल्यावर काही वेळानं मी बाबांना फोन करायचो. आज कुठं गेलता? चौकात. कोण भेटलं? आणि बाबा सांगायचे, अगदी बारकाव्यानं. धामणगाववाल्याच्या नातीचं लग्न जमलं, पोरगा तिवस्याचा हाये. पातूरवाल्याचा गुडघा पुन्हा सुजला. टपरीवाल्यानं चहात अद्रक जास्त टाकलं. डॉक्टर काहीही म्हणोत, हा माणूस विसरून राहिला असं कोण म्हणेल? मी बहिणीला कळवायचो, बाबा एकदम ठणठणीत. ती अंगठा पाठवायची.

मार्चच्या सुमाराला ठिपक्याच्या वागण्यात थोडा फरक पडला. पाचला निघणारे बाबा सहा-साडेसहाला निघू लागले. मी मनात म्हटलं, ऊन वाढलं, शहाणपणा आला. टपरीवर तासभर बसणारा ठिपका आता लवकर हलायचा. म्हटलं, अद्रकाचा चहा. आणि मग एके दिवशी ठिपका परतीच्या वाटेवर भाजीबाजारात थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. ज्या माणसानं उभ्या जन्मात कोथिंबिरीची एक जुडी आणली नाही, तो निवृत्तीनंतर आजारपणात भाजी आणायला लागला! मला इतका आनंद झाला की मी तो स्टाफरूममध्ये सांगितला. रोजच्या चालण्यानं मेंदूला कसं नवं खाद्य मिळतं यावर पाच मिनिटं बोललोही. समोर एक सहकारी बसला होता. पोरगा शिकवणीला नागपूरला असतो, त्याच्या फोनचा ठिपका तो दिवसभर पाहत बसतो. त्याला मीच एकदा म्हणालो होतो की भाऊ, तू फोन पाहून राहिला, पोरगा नाही. आता त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या फोनकडं वळला. बिचारा सज्जन आहे.

एप्रिलच्या शेवटी मला पेपर तपासायला अमरावतीला विद्यापीठात जावं लागलं. रोज अकोल्याहून जाऊन-येऊन करणारे आम्ही बरेच जण होतो. एके दिवशी गठ्ठा लवकर संपला. घरी कळवलं नव्हतं, कारण कळवलं की आई स्वयंपाकाला लागते आणि मग जेवल्याशिवाय सुटका नसते. नुसतं टेकून, बाबांना पाहून शेवटच्या गाडीनं परत जायचं असा विचार होता. बाहेर येऊन फोन उघडला तर ठिपका चौकात. म्हटलं, झकास. बाबांना त्यांच्या टपरीवर, त्यांच्या माणसांत गाठावं. ऑटो केला.

चौकात उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं. टपरीच्या बाकावर धामणगाववाले दिसले, बाजूला पातूरवाले. बाबा दिसले नाहीत. नकाशा म्हणत होता की ते इथंच आहेत. मी आपला फोन हातात धरून उभ्या जागी गोल फिरलो, मेळघाटातल्या पोट्ट्यांसारखाच. ठिपका शंभर टक्के बरोबर नसतो, थोडा इकडंतिकडं दाखवतो, हे मला ठाऊक आहे. म्हटलं, पुतळ्यामागं असतील. तिथंही नव्हते. तेव्हा मात्र मी बाबांना फोन लावला.

ट्रिंग ट्रिंग टपरीतूनच आली. बाकाच्या पलीकडच्या टोकाला, खांबाच्या आड एक बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिनं मांडीवरची पर्स उघडली, आतून फोन काढला आणि पडद्याकडं पाहिलं. पायाशी भाजीची पिशवी होती. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आल्या होत्या. ती आई होती.

तिनं फोन उचलला नाही. मान वर करून रस्त्याकडं पाहिलं, मग डावीकडं, आणि मी दिसलो. चेहरा बदलला नाही तिचा. धामणगाववाले उठून उभे राहिले, जणू वर्गात साहेब आला. पातूरवाल्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. टपरीवाल्याला सगळं माहीत असावं, कारण त्यानं न विचारता माझ्यासाठी चहा ओतायला घेतला. मी साखर नको म्हणालो.

"पायलंच तं आता बस," आई म्हणाली. "चहा घे, मंग जाऊ."

मी चहा घेतला. ग्लास रिकामा झाल्यावर धामणगाववाल्यांनीच घसा खाकरून, बाबांना सांगायचा निरोप आईला दिला. नातीच्या लग्नाची तारीख धरली म्हणावं, तुमच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. आईनं मान हलवली. मग ती पिशवी उचलून निघाली आणि मी मागून.

मी रागावलो होतो, आणि तो राग मी गल्लीत काढला. विचारलं, कधीपासून? होळीच्या आधीपासून. बाबा घरातून निघतच नाहीत? नाही. एका दिवशी दारात सदरा घालून उभे राहिले आणि कुठं जायचं ते आठवेना. परत आत येऊन बसले, ते बसलेच. मग आम्हाला का नाही सांगितलं? आणि आता या घडीला घरी कोण आहे त्यांच्याजवळ? शेजारची येऊन बसते, आई म्हणाली, तिचा नवरा ड्युटीवरून आला की तिला सवड होते, म्हणून उशीर होते निघाले. मला शहाणपणाचा वाटलेला सहाचा टाइम तो असा होता.

आणि मी इतके दिवस तिकडं वेड्यासारखा तुझ्या भाजीबाजाराचं कौतुक करून राहिलो, हेही मी बोललो. तेव्हा आई थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू काय म्हनला होता? फोन फिरला नाई तं अकोल्याले नेतो म्हनला होता ना. तं फिरवून राह्यली मी."

तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, विनवणी तर नव्हतीच. रोजची कामं सांगावीत तशी सांगत होती. सुरुवातीला ती टपरीच्या पलीकडच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उभी राहायची, कारण गड्यांच्या टपरीवर बाईमाणूस काहून बसन? ठिपका टपरीपाशी पाहिजे, एवढं तिला पक्कं माहीत होतं. दोन-चार दिवसांनी पातूरवाल्यांनीच तिला ओळखलं, खुर्ची मागून घेतली, खांबाआड ठेवली. म्हणाले, वहिनी, उन्हात उभं राहू नका, इथं बसलं तरी नकाशात तेच दिसते. म्हणजे माझी सोय माझ्यापेक्षा त्यांना चांगली कळली होती. तेव्हापासून ते तिला रोज चौकातली खबर सांगायचे.

मग मला ते आठवलं. बाबांशी माझं रोज बोलणं व्हायचं. नातीचं लग्न, गुडघा, अद्रक. ते सगळं बाबांना कुठून कळायचं?

"मी सांगते त्याईले घरी गेल्यावर," आई म्हणाली. "मी कधी म्हनलं नाई का तुमी गेलते. खोटं नाई बोलत मी. कोन भेटलं, काय म्हनलं, तेवढंच सांगते. तुहा फोन येईलोक ते त्याईचंच होऊन जाते."

आम्ही विहाराच्या भिंतीला लागून चालत होतो. मी म्हणालो की हे असं किती दिवस चालणार. ती म्हणाली, तिला माहीत नाही. मी म्हणालो, अकोल्याला माणूस ठेवू, डॉक्टर जवळ आहेत, तुझीही ओढाताण वाचेल. ती ऐकत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की इथं रात्री उठले तर अंधारात बरोबर मोरीत जातात, दिवा लावावा लागत नाही. पाण्याचा माठ, त्यांची खुंटी, दाराची कडी, सगळं हाताला माहीत आहे. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ते कोणतं दार उघडतील आणि कुठं पाऊल टाकतील? मी तिला म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधल्या चित्रांबद्दलचं माझं मत सांगितलं नाही. त्या वेळी मला माझ्या सगळ्या मतांचा कंटाळा आला होता.

घरी शेजारची बाई आम्हाला पाहून लगेच उठली आणि गेली. बाबा खिडकीपाशी, कुलरच्या वाऱ्यात बसले होते. अंगात पांढरा सदरा, नीट इस्त्रीचा. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी कवा आला म्हणून विचारलं. ओळखलं, याचं मला इतकं बरं वाटलं की मी उत्तर द्यायचं विसरलो. आईनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि त्यांच्या बाजूला खाली बसून शेंगा मोडता मोडता सांगायला लागली. धामणगाववाल्याच्या नातीच्या लग्नाची तारीख धरली. तुमच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत म्हणे. पातूरवाले आज बरे दिसले. अन् चौकात आज आपला पोरगा भेटला. बिनसाखरेचा चहा घेते तो आता. बाबा मान डोलवत होते. मधेच त्यांनी विचारलं, तारीख कोणती? आईनं सांगितली. त्यांनी ती पुन्हा म्हणून पाहिली. मी शेवटची गाडी सोडून दिली होती आणि ते कोणाला सांगितलंही नव्हतं.

जेवणं झाली आणि बाबांच्या फोनवर बहिणीचा फोन आला. एरवी मी बाबांशी बोलून तिला कळवलेलं असतं, त्या दिवशी राहून गेलं म्हणून तिनं लावला. मी आईकडं पाहिलं. ती ताटं गोळा करत होती आणि माझ्याकडं पाहत नव्हती. फोन बाबांच्या हातात होता, स्पीकर चालू. बहिणीनं विचारलं, बाबा, आज गेलते का चौकात?

गेलतो ना, बाबा म्हणाले. धामणगाववाल्यानं तारीख काढली. कोणती ते त्यांनी बरोबर सांगितलं. मग हसले.

"अन् तुहा भाऊ भेटला तिथं. मी म्हनलं, बस, चहा घे. साखर नको म्हनला."

तिकडून बहिणीनं विचारलं, दादा तिथंय? दे बरं त्याला. मी फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि ओसरीत आलो. तिचा आवाज पातळ झाला होता. नकाशात दिसतं सगळं, म्हणाली, पण तू आज डोळ्यांनी पाहिलंस म्हणून विचारते. खरं सांग. कसे चालतात रे बाबा? नसेल जमत तर याच सुट्टीत मी येते आणि सामान हलवू. आत आईच्या हातातली ताटं वाजायची थांबली.

"सावकाश चालतात," मी म्हणालो. "पण रस्ता नाही चुकले."